पदवीनंतरची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आपल्या पेढ्यांवर पूर्वापार चालत आलेला आहे. शाळेत व्याजाची गणिते बिनचूक सोडविणारा मुलगा गादीवर बसविला म्हणजे लागलीच मुनीम होत नाही. दोनचार वर्षे त्याने रोजमेळ लिहावा, गिऱ्हाईक ओळखावयास शिकावे, मालाची प्रत हाताने चाचपून पाहावी, आणि चुकेल तेथे जुन्या माणसाने त्याचा हात धरावा, अशी रीत आहे. हीच रीत एका अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे रुग्णालयांतील औषधविभागांत, अमेरिकेने जवळजवळ शंभर वर्षे कशी घडवीत आणली, हे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे. आपल्या वाचकांत औषधांचा व्यापार करणारी घराणी असतील, आणि ज्यांची मुलेमुली औषधशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकत आहेत अशी कुटुंबेही असतील. त्यांस हा विषय परका वाटू नये.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. दुकानातील औषधविक्रेता आणि रुग्णालयातील औषधतज्ज्ञ यांची पदवी एकच असली तरी दोघांचे काम एक नसते. दुकानातले गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते आणि त्याच्या हातातील चिठ्ठीवर बहुधा दोनचारच औषधे असतात. रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या रोग्यास एकाच दिवशी दहाबारा औषधे दिली जातात, त्यांतील काही शिरेतून. त्याची मूत्रपिंडे दुर्बल झालेली असतात, यकृत थकलेले असते, आणि काल योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. पुस्तकात प्रत्येक औषधाचे प्रकरण वेगळे छापलेले असते. रोग्याच्या देहात मात्र ती सर्व औषधे एकदम काम करू लागतात. त्यांचा मेळ घालण्याची विद्या नुसत्या वर्गात बसून हाती लागत नाही.

या शतकापुराण्या उमेदवारीचे मूळ मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी सापडते. तेथील विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात हार्वे ह्विटनी नावाचे गृहस्थ औषधविभागाचे प्रमुख होते. त्यांनी १९२७ साली पदवीधर औषधतज्ज्ञांसाठी रुग्णालयातच शिकण्याची सोय केली. त्या काळी रुग्णालयाचा औषधविभाग बहुधा तळघरात असे. मलमे खलावयाची, द्रावणे करावयाची, आणि परिचारिकांच्या मागणीप्रमाणे बरण्या भरून वर पाठवावयाच्या, हे तेथले मुख्य काम. त्यामुळे आरंभीच्या उमेदवारीत खरेदी, साठा, औषधे बनविणे आणि हिशेब यांवरच भर होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो उत्तम कोठावळा तयार करण्याचा वर्ग होता. परंतु पाया घातला गेला. १९४२ साली रुग्णालयीन औषधतज्ज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद ह्विटनी यांजकडेच आले. याच संस्थेने १९४८ मध्ये अशा उमेदवारीचे नियम प्रसिद्ध केले आणि १९६२ मध्ये प्रत्येक रुग्णालयाच्या शिक्षणक्रमाची तपासणी करून त्यास मान्यता देण्याची व्यवस्था सुरू केली. तेव्हापासून या शिक्षणास ‘रेसिडेन्सी’ हे नाव रूढ झाले. पूर्वी तरुण डॉक्टर शिकत असताना रुग्णालयातच राहत, त्यावरून हा शब्द आलेला आहे. आज औषधतज्ज्ञ उमेदवार घरी राहून येतो, नाव मात्र तेच राहिले.

तळघरातील माणूस वर रोग्याच्या खाटेपाशी कसा आला, ही हकीकत खरी महत्त्वाची. १९६० नंतरच्या सुमारास फ्लॉरिडा विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात बार्कर आणि मॅकॉनेल या दोघांनी एक साधी गोष्ट केली. औषधे देताना होणाऱ्या चुका परिचारिकांनी आपण होऊन लिहून दिलेल्या कागदांवरून मोजण्याऐवजी, औषध देतेवेळी प्रत्यक्ष जवळ उभे राहून त्यांनी त्या मोजल्या. कागदावर नोंदलेल्या चुका खऱ्या चुकांचा अगदी लहानसा अंश आहेत, असे त्यांस आढळून आले. वहीतील तूट आणि कोठारातील तूट यांतले अंतर ज्याने वर्षअखेरीस स्वतः माल मोजून पाहिले आहे, त्या व्यापाऱ्यास यात आश्चर्य वाटणार नाही. खाटांजवळ बरण्या ठेवून त्यांतून औषध काढण्याची पद्धत मग हळूहळू मागे पडली, आणि प्रत्येक रोग्याची प्रत्येक वेळची मात्रा औषधविभागानेच वेगळी बांधून, नाव घालून पाठविण्याची पद्धत आली. असे करावयाचे म्हणजे औषधतज्ज्ञास रोग्याचे सर्व कागद पाहावे लागतात. आणि कागद पाहू लागला की त्यास शंका येऊ लागतात.

१९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर, म्हणजे शस्त्रक्रियेच्या रोग्यांच्या कक्षातच, औषधतज्ज्ञ बसविण्यात आले. डॉक्टरांस तेथल्या तेथे सल्ला मिळू लागला. पदवीपूर्व आणि पदवीनंतरचे विद्यार्थी तेथेच शिकू लागले. ‘नवव्या मजल्याचा प्रयोग’ या नावाने तो आजही त्या व्यवसायात ओळखला जातो.

याचा रोग्यास उपयोग काय, असे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तच आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अत्यवस्थ रोग्यांच्या एका कक्षात डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीबरोबर एक अनुभवी औषधतज्ज्ञ फिरू लागला. औषध लिहिताना झालेल्या आणि टाळता आल्या असत्या अशा अपायांचे प्रमाण त्यापूर्वी दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते, ते ३.५ वर आले, म्हणजे सुमारे ६६ टक्क्यांनी घटले. औषधांच्या आज्ञांबाबत त्याने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. मला या आकड्यांत दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. डॉक्टर हा आपल्या विद्येचा अभिमान बाळगणारा वर्ग आहे. तो शंभरातल्या नव्याण्णव सूचना ऐकतो, याचा अर्थ सूचना करणारा माणूस नेमके केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे हे शिकून आलेला आहे. ही जाण पुस्तकातून येत नाही.

ती जाण येण्यासाठीच रेसिडेन्सीचे वर्ष असते. पदवी आणि परवाना यांच्या पायरीवर उभा असलेला तरुण साधारणतः जुलैच्या आरंभी रुजू होतो आणि पुढील जूनअखेर बाहेर पडतो. काही आठवडे हृदयरोगाच्या कक्षात, काही अत्यवस्थ रोग्यांत, काही लहान मुलांत, अशी त्याची बदली होत राहते. सकाळी डॉक्टर येण्यापूर्वी त्याने आपल्या रोग्यांचे रक्ताचे अहवाल वाचून ठेवावयाचे असतात. एखाद्या वृद्धाच्या मूत्रपिंडांची शक्ती रात्रीत घसरली असेल तर व्हँकोमायसिनची मात्रा किती कमी करावी, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्या बाईस काल नवे कोट्रायमोक्साझोल सुरू केले आहे, तेव्हा रक्तस्रावाचे भय कितपत आहे, याचा विचार त्याने फेरीपूर्वी केलेला असला पाहिजे. रोगी घरी जाताना त्याची घरची जुनी औषधे आणि इथली नवी औषधे ताडून पाहणे हेही त्याच्याकडेच. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोनदा घेतले जात असल्याचे अशा वेळी उघडकीस येते. औषधांच्या दुकानावर बसणाऱ्यास हा प्रकार सांगावयास नको. शिवाय आळीपाळीने शनिवार-रविवारी औषधविभागाची नेहमीची पाळी, धाकट्या विद्यार्थ्यांस शिकविणे, आणि वर्षभरात एक लहानसे संशोधन पुरे करून ते चारचौघांपुढे मांडणे ही कामे असतात. कामाचे तास आठवड्यास सरासरी ८० हून अधिक होऊ नयेत असा नियम आहे. असा नियम करावा लागतो, यावरूनच ते वर्ष कसे जात असेल याची कल्पना यावी.

शिकविणाऱ्याच्या चार भूमिका या शिक्षणक्रमात ठरवून दिलेल्या आहेत. प्रथम तो सांगतो. मग स्वतः करून दाखवितो, आणि करताना मनात काय विचार चालतो तेही बोलून दाखवितो. त्यानंतर उमेदवार करतो व गुरू शेजारी उभा राहून सुधारतो. शेवटी गुरू दूर होतो, हाकेच्या अंतरावर राहतो आणि उमेदवारास एकट्याने निभावू देतो. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर केव्हा सोडावे, यातच शिकविणाऱ्याची परीक्षा आहे. आपल्या जुन्या मुनीमांनी हे कधी कागदावर मांडले नाही, पण तिजोरीची किल्ली कोणत्या दिवशी कोणाच्या हाती द्यावी हे त्यांस पक्के ठाऊक असे.

जागा मिळविण्याची रीतही मोठी नमुनेदार आहे. उमेदवार आवडीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालये आपापल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी देतात, आणि मधली संस्था गणिती पद्धतीने जोड्या जुळविते. लागलेली जोडी दोघांनाही बंधनकारक. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली हा जुळवणुकीचा प्रश्न सोडविला, तो विवाहाचेच उदाहरण घेऊन! पुढे २०१२ मध्ये शॅप्ली आणि अशा जुळवण्या प्रत्यक्ष व्यवहारात आणणारे ॲल्विन रॉथ यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वधूवरांच्या याद्या घेऊन गावोगाव हिंडणारे आपल्याकडील मध्यस्थ याच कामात आयुष्य घालवितात, त्यांना मात्र शालजोडीवरच समाधान मानावे लागते.

आता पैशाची बाजू. या वर्षात उमेदवारास वेतन मिळते, परंतु ते नोकरीतील औषधतज्ज्ञाच्या वेतनाच्या निम्म्याहून कमी असते. आणि तेथील पुष्कळ विद्यार्थी शिक्षणाचे मोठे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेले असतात. रुग्णालयाच्या खर्चाचा काही भाग वृद्धांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना, मेडिकेअर, देते. परंतु तो पहिल्या वर्षापुरताच. कर्करोग, बालरोग, अवयवरोपण अशा एकेका शाखेसाठी जे दुसरे वर्ष करतात, त्याचे साहाय्य ऑक्टोबर २००३ पासून थांबले. ते शिक्षण म्हणजे व्यवसायात आल्यावर चालू ठेवावयाचा अभ्यास होय, अशी सरकारची भूमिका होती. असे असूनही दुसऱ्या वर्षाच्या जागा पुढे वाढतच गेल्या. रुग्णालये स्वतःच्या खिशातून हा खर्च करतात, तेव्हा त्यांचा हिशेब कोठेतरी जमेच्या बाजूस जात असला पाहिजे, असे व्यापाऱ्याच्या बुद्धीस वाटते.

२००७ साली त्या राष्ट्रीय संस्थेने असे धोरण जाहीर केले की २०२० पर्यंत, रोग्यांशी प्रत्यक्ष संबंध येणारे काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक नव्या पदवीधरास पहिल्या वर्षाची रेसिडेन्सी आवश्यक असावी. २०२० आले आणि गेले. तसा कायदा झाला नाही. माझ्या मते तो झाला नाही हे बरे झाले. महाविद्यालये वाढत गेली होती, रेसिडेन्सीच्या जागा त्या मानाने अपुऱ्या होत्या, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. जो माल पुरेसा पुरविता येत नाही त्याची सक्ती करणे म्हणजे गरीब विद्यार्थ्यासाठी दार लावून घेणे होय. मात्र कायद्याने जे झाले नाही ते मागणीने बरेचसे घडविले. मोठी रुग्णालये खाटेपाशी काम करणारा औषधतज्ज्ञ नेमताना रेसिडेन्सी केलेलाच पसंत करतात.

आपल्या देशात २००८ साली फार्मसी कौन्सिलने ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. ही मोठी सुधारणा आहे, पण ते वर्ष पदवीच्या आतले आहे. रेसिडेन्सी ही पदवीच्या नंतरची असते, आणि उमेदवाराच्या खांद्यावर परवानाधारकाची जबाबदारी टाकून मग ती शिकविली जाते. दोन्हींत गल्लत होऊ नये. आपल्याकडे अशी पदवीनंतरची उमेदवारी उभी करावयाची तर प्रथम शिकविणारे हवेत, आणि रुग्णालयांच्या नोकरीत त्यांस औषधभांडाराच्या खिडकीपलीकडचे काम मिळावयास हवे.

अमेरिकेस जाऊन हे वर्ष करण्याची इच्छा असणाऱ्या मुलामुलींसाठी एक व्यावहारिक सूचना. परदेशी पदवीधरास प्रथम तेथील औषधमंडळांच्या राष्ट्रीय संघाचे पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी परीक्षा आणि इंग्रजीची कसोटी असते. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांस औषधशास्त्राचा किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम असावा अशी अट त्यासाठी घालण्यात आली, आणि चार वर्षांची बी. फार्म. त्या अटीत बसत नाही. तेव्हा बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरतानाच हा विचार झाला पाहिजे, आणि शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम प्रत्यक्ष त्या संघाकडून विचारून घ्यावा.