परतीची तार

पंखा थांबला की घरात पहिला प्रश्न उठतो, "वीज आली आहे का?" आलेली वीज परत जाते आहे की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही, आणि आमच्या मते बिघाड शोधताना होणारी बरीचशी फसगत येथेच होते. विजेचे चक्र रहाटगाडग्यासारखे आहे. माळ भरल्या गाडग्यांच्या बाजूला तुटो की रिकाम्या, पाणी येणे थांबतेच.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, पुढे चाकण, असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. या पट्ट्यात दिवसभर मोटारींच्या तारा जोडणारा कारागीर घरी मात्र खिशातल्या टेस्टरवरच भिस्त ठेवतो, ही मौजेची गोष्ट आहे. टेस्टरमधला लहानसा दिवा पेटला याचा अर्थ एवढाच, की तेथे दाब आहे. चक्र पुरे आहे की नाही, हे तो सांगत नाही.

समजा, फेजची तार शाबूत आहे, पण न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, कोठेतरी सुटली आहे. त्या ओळीवरचे एखादे बटण चालू असेल, तर फेजचा दाब त्या उपकरणातून सुटलेल्या न्यूट्रलपर्यंत पोहोचतो आणि टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो. मिक्सर मात्र मुका! "बंदच आहे" असे समजून अशा तारेला हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी मेन स्विच पाडावा, टेस्टरने खात्री करावी, मगच वायरमनने पेचकस हाती घ्यावा.

याहून भयंकर प्रकार सोसायटीच्या मीटरखोलीत घडतो. इमारतीला तीन फेज येतात, आणि घरे त्यांवर वाटलेली असतात. सामाईक न्यूट्रल सैल झाली, की एका घरातले दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरातले डोळे दिपवतात. २३० व्होल्टची उपकरणे चारशेच्या जवळपास दाबाखाली सापडू शकतात. टीव्ही, फ्रीज एका झटक्यात जातात. असे दिसताच फ्यूज चाचपीत बसू नये. मेन स्विच पाडावा, शेजाऱ्यांना हाक मारावी, आणि महावितरणला कळवावे.

मोटारीत परतीची तार बहुतांशी नसतेच. गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. बॅटरीच्या टोकावर पांढुरका क्षार चढला, किंवा पावसाळ्यात सांगाड्याशी जोडलेला नट गंजला, की गाडी सुरू होत नाही. धनी म्हणतो, "आतला दिवा तर लागतो, बॅटरी ठीकच आहे." येथे थोडे गणित करू. सांध्याचा अडथळा ०.०५ ओहम धरा. पाच वॅटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, तेव्हा ०.०२ व्होल्ट वाया जातात. दिव्याला त्याची दखलही नसते. स्टार्टरने १०० अँपिअर मागितले, की तोच सांधा ५ व्होल्ट खातो, आणि बारातले सातच उरतात! नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर तो सांधा सोडवून घासून पुसावा आणि पुन्हा आवळावा. तसेच, वळणाचा दिवा लुकलुकताना मागचा लाल दिवाही त्याच्या तालावर लुकलुकू लागला, तर बल्ब न बदलता त्या दिव्याची सांगाड्याशी जोडणी तपासावी.