गाडीचा दम खरंच गेलाय का?

मैत्रिणींनो, जुनी पेट्रोलची गाडी घाटात दमू लागली, की 'आता इंजिनचं काम निघणार' अशी बोलणी घरात सुरू होतात. मग आपल्या पोटात गोळा! कारण खर्चाची जुळवाजुळव शेवटी आपल्यालाच करायची असते.

कुकरची रिंग सैल झाली की वाफ निसटते, शिटी होत नाही. तसंच पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि जोर कमी होतो. पण ही झीज फार सावकाश होते. वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन १ लाख किलोमीटरनंतरही बरीचशी ताकद राखून असतं. दमण्याचं कारण पुष्कळदा साधंच निघतं. धुळीनं गच्च भरलेला एअर फिल्टर, जुने प्लग, नाहीतर घसरणारा क्लच. (फिल्टर तर काढून उन्हात धरला तरी कळतं!)

तेव्हा इंजिन खोलायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. दाब कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. तेवढाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

आणि हो, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारायला तोच उपयोगी पडतो.