फुकट आहे, पण रजामंदी कुणाची?

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या. 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही, असा तो निरोप होता. शाळा बंद होत्या, मुलांचा गृहपाठ त्याच ॲपवर येत होता. मय्यतीची खबर, निकाहची दावत, आखातात नोकरीला गेलेल्या मुलाची खुशाली, सारे तिथेच. अशा वेळी ‘नको’ म्हणणार कोण?

पुष्कळ वाचकांचे मत आम्हाला ठाऊक आहे. वस्तू कंपनीची, पैसे आपण देत नाही, मग तक्रार कसली? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतातच. पण ही गाय धर्माची नाही. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप घेण्याचा सौदा 19 अब्ज डॉलरला केला. तेव्हा त्यावर सुमारे 45 कोटी माणसे होती. किंमत झाली ती या माणसांची, म्हणजे तुमची-आमची.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. कंपनी आपले निरोप वाचते, असे तेव्हा घरोघरी बोलले गेले. ते खरे नव्हे. घरच्या माणसांतले निरोप 2016 पासून कुलूपबंद आहेत, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. प्रश्न बाकीच्या माहितीचा होता: आपला नंबर, फोन कोणता, कोणत्या दुकानाशी किंवा कंपनीशी आपण कसे बोलतो. 2016 मध्ये जुन्या वापरणाऱ्यांना ही माहिती जाहिरातींसाठी फेसबुकला देऊ नका, असे सांगायला तीस दिवस तरी मिळाले होते. 2021 मध्ये तोही दरवाजा नव्हता. युरोपातल्या लोकांसाठी अटी वेगळ्या होत्या, कारण तिथला कायदा कडक. म्हणजे सवलत देता येत नव्हती असे नाही.

सूरह निसाच्या 29 व्या आयतीत तिजारतीसाठी दोन्ही बाजूंची रजामंदी सांगितली आहे. वाट अडवून घेतलेला होकार रजामंदीत धरायचा का? आम्ही तरी धरणार नाही.

ओरड झाली तेव्हा मुदत 15 मेपर्यंत गेली, आणि पुढे कुणाचे खाते बंद केले नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला (फेसबुकचे हे नवे नाव) 213.14 कोटी रुपये दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. अपिलात नोव्हेंबर 2025 मध्ये दंड कायम राहिला, बंदी उठली.

‘मग दुसरे ॲप घ्या,’ असेही काही जण म्हणतात. त्या दिवसांत सिग्नल आणि टेलिग्रामवर लोक गेले खरे. पण जमातीचा गट, शाळेचा गट, खाला-फुफींचा गट जुन्याच जागी राहिला. एकट्याने जाऊन बोलणार कुणाशी? कंपनीचा खरा जोर इथे आहे, आणि म्हणून एकेकाच्या नाराजीने फारसे काही हलत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ॲपला फोनमधले नंबर पाहू दिले की शेजारणीचा, मुलीच्या मैत्रिणीचा, मौलानासाहेबांचा नंबरही कंपनीकडे जातो. त्यांना कुणी विचारलेले नसते. दुसऱ्याचा नंबर आपल्याकडे अमानत असतो. फोनच्या सेटिंगमध्ये ही परवानगी बंद करता येते. मग नावांऐवजी नुसते आकडे दिसतात, थोडी गैरसोय होते.