गाजर गवत : मुळालाही झोंबतं, हातालाही

हिवाळ्याच्या तोंडावर एर्लांगेनच्या सुपरमार्केटांत पक्ष्यांच्या दाण्यांच्या पिशव्यांची रास लागते. बाल्कनीत पाखरांना दाणे घालणं हा इथल्या लोकांचा आवडता उद्योग. बऱ्याच पिशव्यांवर 'अँब्रोसियासाठी तपासलेले' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. अँब्रोसिया म्हणजे ग्रीक देवांचं खाणं, आपल्या अमृतासारखं. पण हे अँब्रोसिया म्हणजे अमेरिकेतून आलेलं तण. त्याचे पराग नाकात गेले की शिंकांपासून दम्यापर्यंत काहीही होऊ शकतं. दाण्यांतून त्याचं बी परसबागांत पोचलं, म्हणून बायर्न राज्याने २००७ पासून त्याच्याविरुद्ध मोहीम चालवली आहे.

परदेशी धान्यातून आलेलं तण म्हटल्यावर आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? गाजर गवत! हे दोघे एकाच भावकीतले, सूर्यफुलाच्या कुळातले. १९५५ च्या सुमारास गाजर गवत पुण्यात दिसलं आणि पुढच्याच वर्षी त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याआधीच्याही काही जुन्या नोंदी भारतात सापडतात, पण सगळीकडे पसरलं ते त्यानंतर. 'काँग्रेस गवत' हे नाव अमेरिकन काँग्रेसवरून पडलं की पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून, यावर गावाकडे अजून वाद रंगतो. युरोपीय संघाने तर २०१६ मध्येच ते घातक परदेशी प्रजातींच्या यादीत घातलं. इथे ते विकायला, लावायला, आणायलाही बंदी आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी नेवाशाजवळच्या आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, फोनवर विचारलं, "बांधावरचं गाजर गवत हिरवंच कापून रानात गाडलं, तर फुकटचं खत नाही का होणार? वर हरभरा टाकतो." मी कॉम्प्युटरवाला माणूस, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आठवडाभर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तेच वाचत बसलो.

गाजर गवताच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं कडू रसायन साठतं. पावसाने ते धुऊन मातीत उतरतं, पाला कुजला की आणखी सुटतं. जोडीला फेरुलिक, कॅफेइक, व्हॅनिलिक अशी आम्लंही असतात. आता शेजारी हरभऱ्याचं बी नुकतं रुजतंय असं समजा. मुळाचं टोक म्हणजे पेशींचा कारखाना, तिथे सतत विभाजन चालतं. ज्युनियर कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर दाबून रंगसूत्रं पाहिली होती, आठवतंय? त्याच कांद्याच्या मुळांवर गाजर गवताच्या अर्काची परीक्षा झाली आहे. विभागणाऱ्या पेशी कमी होतात, रंगसूत्रं एकमेकांना चिकटतात, काही पेशींत नीट वेगळीच होत नाहीत.

हे का होतं? पार्थेनिनच्या रेणूला एक प्रकारचा आकडा असतो आणि तो प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन अडकतो. आकडा अडकलेलं प्रथिन निकामी. पेशीकडे ग्लुटाथायोन नावाचा राखणदार असतो, पण त्यातही गंधक असल्याने तोही यातच खर्ची पडतो. मग पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू साचतात, आवरण गळकं होतं, आतले क्षार बाहेर झिरपतात. वरून आपल्याला एवढंच दिसतं की मूळ आखूड राहिलं, रोप पिवळं पडलं. आपण म्हणतो, बियाणं खराब निघालं.

पण सगळा दोष पार्थेनिनच्याच माथी मारता येत नाही. इथून फार लांब नाही, स्टुटगार्टमधल्या होहेनहाइम विद्यापीठात रेगिना बेल्झ यांनी या रसायनावर बरंच काम केलंय. त्यातून दिसलं की गवताच्या एकूण परिणामात पार्थेनिनचा वाटा पिकागणिक बदलतो. आणि अगदी थोड्या मात्रेत तेच पार्थेनिन मुळांची वाढ उलट जरा वाढवतं! त्यामुळे 'गाजर गवत होतं म्हणून पीक गेलं' असं छातीठोक सांगण्याआधी पाणी, सावली, अन्नद्रव्यांची ओढाताण हेही बघावं लागतं. मला वाटतं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकं हेच कुणी बघत नाही.

आप्पांना सांगितलं ते असं : हिरवं गाडून लगेच पेरू नका. फुलोरा येण्याआधी कापा, कारण एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात. खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन नीट कुजू द्या. चांगलं कुजलं की पार्थेनिन मोडतं आणि खत कामाचं होतं. पावसाळ्यात पानं फस्त करणारे मेक्सिकन भुंगेरेही मदतीला असतात, १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडलेले. पण थंडीत ते मातीत दडी मारतात, तेव्हा रब्बीत त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, उपटणाऱ्या बायकांच्या हातांचं काय?"

मी मुळांच्या मागे लागलो होतो, त्यांनी हात दाखवले. रसायनाच्या लेखी दोन्ही सारखेच. तोच आकडा माणसाच्या कातडीतल्या प्रथिनांना अडकतो. शरीर त्यांना परकं समजतं आणि खाज, लाल चट्टे, भेगा सुरू होतात. पुण्यातल्या अशा रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकातच लिहून आलंय. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. काहींना तर वाऱ्यावर उडालेल्या सुक्या भुग्यानेही चेहऱ्यावर, मानेवर उठतं.

आप्पांकडे कामाला येणाऱ्या एका मावशींची मनगटं चार वर्षांपासून अशीच काळवंडलेली आहेत. यंदा त्यांना त्या बांधावर पाठवायचं नाही असं ठरलंय. बाकीच्यांसाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणले. पहिल्या दिवशी दोघींनी मोजे काढून ठेवले, घाम येतो म्हणून. आता सकाळी नऊपर्यंतच उपटणी चालते.