निरीक्षकास ओळखावे, त्याच्या कामात अडथळा आणू नये

मृग नक्षत्र जवळ आले की बुलढाणा जिल्ह्यातील बियाण्यांचा बाजार गजबजतो. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील दुकानांतून सोयाबीन, कपाशी व तुरीच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. याच दिवसांत बियाणे निरीक्षकाची फेरी होते. आणि निरीक्षकाचे सोंग घेणाऱ्या लबाडासही हीच संधी असते. पहिल्यास साहाय्य करणे आणि दुसऱ्यास पायबंद घालणे, या दोन्ही गोष्टी गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस ठाऊक असावयास हव्यात.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. दुबार पेरणीचे बियाणे एकवेळ उसने मिळेल. परंतु गेलेला वापसा परत येत नाही. म्हणून पिशवी शेतात जाण्यापूर्वीच तिची परीक्षा व्हावी, याकरिता १९६६ च्या बियाणे अधिनियमाने निरीक्षकास अधिकार दिले आहेत. त्याला विक्रीच्या जागेत प्रवेश करता येतो, नमुना घेता येतो, आणि संशयित साठा तीस दिवसांपर्यंत विकू नये असा लेखी आदेशही देता येतो.

या अधिकारांबरोबर त्याच्यावर बंधनेही आहेत. नमुना घेताना शक्यतो दोन साक्षीदार बोलवावयाचे असतात. नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावयाचे. एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला द्यावयाचा, दुसरा बीज परीक्षकाकडे पाठवावयाचा आणि तिसरा जपून ठेवावयाचा. मागणी केल्यास नमुन्याची बाजारभावाने किंमतही द्यावी लागते. राज्यात पुणे, परभणी व नागपूर येथे बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत.

निरीक्षकास नमुना घेऊ न देणे किंवा त्याचा अधिकार बजावण्यास प्रतिबंध करणे हा या अधिनियमाच्या कलम १९ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा गुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कीटकनाशकांच्या बाबतीत १९६८ चा अधिनियम अधिक कडक असून निरीक्षकास अडथळा करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याखेरीज १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार कोणत्याही लोकसेवकास सरकारी कामात बुद्ध्या अडथळा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होतात.

मात्र ओळखपत्र मागणे, पंचनामा वाचून सही करणे किंवा पावती मागणे म्हणजे अडथळा नव्हे. जून २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात कृषी विभागाच्या तपासणी पथकाबरोबर खासगी व्यक्ती असल्याचा आरोप झाला व त्याची राज्यभर चर्चा झाली. तेव्हा समोरचा मनुष्य कोण, हे विचारणे दुकानदाराच्या व शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. निरीक्षकाची नेमणूक राजपत्रातील अधिसूचनेने होते. मोटारीवरील पाटीने होत नाही.

तोतया ओळखण्याची एक साधी खूण आहे. तो जागेवरच रोख ‘दंड’ मागतो. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, निरीक्षकाचा नव्हे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून शेजाऱ्यास विकले, एवढ्यावरून शेतकऱ्यास कोणी धमकावीत असेल, तर कलम २४ ध्यानात ठेवावे. स्वतः पिकविलेले बियाणे आपल्या जागेतून थेट दुसऱ्यास पेरणीसाठी देणाऱ्यास हा अधिनियम लागू होत नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नात्याने कृती करणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि दंडही होतो.

असा संशय आल्यास पैसे देऊ नयेत व हातघाईवरही येऊ नये. नाव, हुद्दा व मोटारीचा क्रमांक टिपून घ्यावा, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात खात्री करावी, आणि खोटेपणा आढळताच पोलीस ठाण्यात कळवावे. खऱ्या निरीक्षकास मात्र पोत्याचे तोंड मोकळे करून द्यावे. त्याने घेतलेला मूठभर नमुना अनेक शेतकऱ्यांची पेरणी वाचवू शकतो.