झाडावर चढणाऱ्याची करवत

दोर आणि हार्नेस, म्हणजे कमरेला व मांड्यांना आवळलेला पट्ट्यांचा आधार, यांच्या बळावर उंच झाडावर चढून छाटणी करणारे कामगार आज यांत्रिक करवतही वापरतात; तरी बारीक फांद्या, अडचणीची बेचकी आणि छाटणीतला शेवटचा काप यांसाठी एक हातकरवत त्यांच्या मांडीला किंवा पोटरीला बांधलेली असतेच. वर जाताना दोन-तीन करवती बाळगणे सोयीचे नसल्याने बहुतेक कामे निभावून नेणारी एकच करवत कोणती, हा प्रश्न या व्यवसायात नेहमीचा आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा कापण्याच्या वेगावरून दिले जाते, जे अपुरे आहे.

या कामात जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी करवत सर्वत्र रूढ झाली आहे. ढकलून कापणारे पाते दाबाखाली वाकू नये म्हणून जाड ठेवावे लागते. ओढताना मात्र पाते ताणले जाऊन सरळ राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते, काप अरुंद पडतो आणि भुसा पाडण्यात खर्ची पडणारे बळ वाचते. शिवाय दोरावर रेलून बसलेल्या माणसाने करवत जोराने ढकलली, तर त्याचे शरीर फांदीपासून दूर लोटले जाते, तर ओढल्याने ते फांदीकडेच खेचले जाते. जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी आणि ओनो ही गावे हत्यारांसाठी जुन्या काळापासून ओळखली जातात; ओनो येथील ‘सिल्की’ या नाममुद्रेची ‘झुबात’ ही 330 मिलिमीटर पात्याची करवत अनेक देशांतील वृक्षछाटणी करणाऱ्यांच्या परिचयाची आहे.

पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या किमान दुप्पट असावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, कारण त्याहून आखूड पात्याला दाते भुसा बाहेर टाकतील इतकी चाल मिळत नाही. त्या हिशेबाने 330 मिलिमीटरचे पाते सुमारे 15 सेंटिमीटर जाडीपर्यंत सुखाने चालते, आणि त्यापुढे यांत्रिक करवतच शहाणपणाची. किंचित वक्र पाते हात लांबवून किंवा डोक्यावरून कापताना स्वतःहून लाकडात रुतते. सरळ पाते छातीच्या उंचीवर अधिक ताब्यात राहते. झाडावर अवघडलेल्या स्थितीत केलेले कापच जास्त असल्याने मंद वक्रता हीच योग्य तडजोड ठरते. फार बाकदार पाते जोमाने कापते खरे, पण ते नेमके जिथे थांबवायचे तिथे थांबवणे कठीण जाते.

दात्यांची मोजणी जपानी उत्पादक बहुधा 30 मिलिमीटर लांबीत करतात. या अंतरात 6 ते 8 दाते असतील तर करवत ओल्या, जिवंत लाकडात झरझर चालते आणि दात्यांमध्ये ओला भुसा अडकत नाही. 10 किंवा अधिक दाते असतील तर काप गुळगुळीत येतो, परंतु ओल्या लाकडात ते लवकर तुंबतात. अशा बहुतेक करवतींच्या दात्यांची टोके उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने क्षणभर तापवून लगेच थंड केलेली असतात, आणि त्यामुळे पात्याच्या कडेला निळसर-काळी छटा दिसते. ही टोके दीर्घकाळ धारदार राहतात, मात्र साध्या कानशीला दाद देत नाहीत. म्हणून सुटे पाते सहज मिळते की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

करवतीची खरी परीक्षा शेवटच्या कापात होते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो (1930–2006) यांनी असंख्य झाडांचे उभे-आडवे छेद घेऊन दाखवून दिले की, झाड जखम भरून काढत नाही, तर बाधित भाग आतून कोंडून टाकते, आणि फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा शाबूत राहिला तरच हे काम नीट होते. म्हणून जड फांदीला आधी बुडापासून थोडे दूर खालून खाच देतात, मग त्या खाचेच्या किंचित पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवतात, जेणेकरून साल खोडापर्यंत सोलली जाऊ नये, आणि उरलेला खुंट फुगवट्याला लागून, पण तो न दुखावता काढतात. हा तिसरा काप ज्या करवतीला स्वच्छ जमत नाही, तिचा वेग व्यर्थ आहे.

घडीची करवत खिशात मावते, परंतु ती उघडण्या-मिटण्यात दोन्ही हात गुंततात. म्यानातली करवत एका हाताने काढता आणि ठेवता येते. ताणलेल्या दोराला दाते नुसते लागले तरी दोर तुटू शकतो, म्हणून करवत चालवताना मुख्य दोराखेरीज दुसरा बंधही झाडाशी घातलेला असावा, आणि मोकळा हात कापाच्या रेषेपासून दूर असावा, कारण पाते उसळले की जखम बहुधा त्याच हाताला होते.

महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वीची छाटणी अजूनही पुष्कळदा कोयता आणि कुऱ्हाडीने होते. नारळाच्या झावळ्यांसाठी कोयता रास्तच आहे, परंतु पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहराच्या फांद्या तोडल्याने बुंध्याशी फाटलेले खुंट राहतात. वड आणि फणसाचा चीक पात्याला घट्ट चिकटतो. फणस कापताना विळीला तेल लावतात तसा तेलाचा हात पात्यावरून फिरवल्यास चीक सहज निघतो. भुशाऐवजी बारीक पूड पडू लागली आणि ओढताना दाब द्यावा लागला की दाते बोथट झाले असे समजावे. अशा वेळी जोर लावल्यास परतीच्या ढकलण्यात पाते मुरडते, आणि एकदा मुरडलेले पाते सरळ करून वापरण्यापेक्षा बदललेलेच बरे.