पूर्वीचे शिकणे : सोबती की अडसर?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैतील पावसाळी दुपार होती. तास संपवून मी विभागात येऊन बसलो होतो. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी दाराशी घुटमळत होती. "काय गं, आत ये ना," म्हटले तेव्हा ती आली, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाली, "सर, माझी बोटं ऐकत नाहीत."

मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे लोक नाना तक्रारी घेऊन येतात. कुणाला झोप नाही, कुणाचे अभ्यासात लक्ष नाही. बोटांची तक्रार मात्र मी प्रथमच ऐकत होतो. हकिकत अशी की, तिने गावाकडच्या टंकलेखन संस्थेत जुन्या यंत्रावर मराठी टंकलेखन शिकून मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण केली होती. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठीवर दोन भावंडे. लिपिकाच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता तीन आठवड्यांनी कौशल्य चाचणी होती, ती संगणकावर आणि इनस्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर. सरावाला बसले की बोटे जुन्याच जागी धावत आणि पडद्यावर भलतेच उमटे.

मी हसून म्हटले, "अगं, तुला टंकलेखन येतेच आहे. कोऱ्या पाटीवाल्याला अवघड! तुझा हात आठ दिवसांत बसेल. आधी बी.ए.च्या अभ्यासाकडे बघ."

ती समाधानाने गेली आणि चाचणीत नापास झाली.

'अध्ययन संक्रमण' हे प्रकरण मी तोवर वीसेक वर्षे शिकवीत आलो होतो. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडले तर ते धन संक्रमण, आड आले तर ऋण आणि काहीच फरक पडला नाही तर शून्य संक्रमण. ही व्याख्या आमचे विद्यार्थी झोपेतही सांगतील. तरी मी असा सल्ला कसा दिला? त्याचे उत्तर माझ्याच पूर्वानुभवात आहे.

१९७८ साली पदवी हाती पडली आणि नोकरीचा पत्ता नव्हता, तेव्हा बसस्थानकामागच्या एका खोलीत मीही मराठी टंकलेखन शिकलो. मित्र कविता करीत हिंडत आणि मी मात्र यंत्रावर खडखडाट करतो आहे, याची तेव्हा फार लाज वाटे. पुढे प्राध्यापकी मिळाली आणि ती विद्या मी मनाच्या माळ्यावर टाकून दिली. २००२च्या सुमारास महाविद्यालयात संगणक आला. त्यावरचा मराठी टंक जुन्या टंकयंत्राच्या धर्तीवर मांडलेला होता. सारे प्राध्यापक त्या पेटीकडे दुरून पाहत असता मी बसलो आणि चोवीस वर्षांनी बोटांनी आपापल्या जागा शोधल्या! त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मी स्वतः टंकित केल्या आणि काही दिवस विभागात माझा भाव वधारला. ज्या शिक्षणाची लाज वाटली तेच कामी आले. म्हणून माझ्या मनाने सोयीचा नियम करून टाकला : जुने शिकलेले नेहमी मदतीलाच येते.

हा भ्रम फार जुना आहे. लॅटिन किंवा गणित घोकून घेतले की बुद्धीला धार येते आणि मग ती कुठेही चालते, असे युरोप-अमेरिकेतील शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या मानीत. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी काही जणांना आयताकृती कागदांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव दिला. त्या आकारांत त्यांची नजर बसली. पण निराळ्या आकारांचे कागद समोर येताच ते कौशल्य फारसे टिकले नाही. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढेच संक्रमण, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझ्या बाबतीत २००२ साली कळफलक तोच होता, म्हणून बोटे धावली. त्यात माझी हुशारी कसली?

त्या मुलीपुढे मात्र कळा दिसायला त्याच होत्या, पण त्यांचे काम बदलले होते. अडचण नेमकी इथेच असते. नवे काम अगदीच वेगळे असेल तर जुनी सवय गप्प बसते. चेतक तोच, प्रतिसाद मात्र निराळा हवा, अशा वेळी ती मधे तडमडते. जुन्या टंकयंत्रावर अक्षरे जशी दिसतात तशी छापावी लागत. 'कि' हवे तर आधी पहिली वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. काही अक्षरे तर अर्धे अक्षर आणि काना अशी जोडून करावी लागत. इनस्क्रिप्टमध्ये आपण जसे उच्चारतो तसे चालते : आधी क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. जोडाक्षर हवे तर अक्षराचा पाय मोडून पुढचे अक्षर द्यायचे. कधीच टंकलेखन न शिकलेल्या तिच्या मैत्रिणीला हे सरळ वाटले. हिची बोटे मात्र वेलांटीसाठी आधीच उठत.

आमच्या आजोबांचेही असेच झाले होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. पावली म्हणजे २५ नवे पैसे आणि अधेली म्हणजे ५०, इथवर त्यांचा जुना हिशेब जुळे. पण आण्याचे होत सव्वासहा पैसे! दुकानदार आण्याला सहा पैसे धरून सुटे देई आणि सोळा आण्यांचे ९६च भरत. वरचे चार पैसे कुठे गेले, यावरून आजोबा दुकानात भांडण काढीत. पावकी-दिडकी तोंडपाठ असलेला माणूस शंभराच्या साध्या हिशेबात अडखळे आणि नातवंडे हसत.

पण खरी चूक बोटांची नव्हती, माझी होती, आणि तिचे नाव ल्युचिन्स यांच्या प्रयोगात सापडते. १९४२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा. २१, १२७ आणि ३ मापे पाणी मावणारी तीन भांडी आहेत. १०० मापे मोजून द्या. मोठ्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा वजा केले की झाले. अशीच चार-पाच गणिते सोडवून घ्या. मग २३, ४९ आणि ३ ही भांडी देऊन २० मापे मागा. बहुतेक जण पुन्हा तोच लांबचा वळसा घेतात. २३मधून ३ वजा करायचे त्यांना सुचतच नाही. ज्यांनी आधीची गणिते सोडविलेलीच नसतात, त्यांना ते चटकन दिसते. माझे चाललेले जुने गणित मी त्या मुलीवर लावले, इतकेच. ते शिकवीत असूनही लावले, हे जास्त बोचते.

ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली, रडवेली. मी आधी चूक कबूल केली. प्राध्यापकाने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करणे आमच्या पिढीला सोपे जात नसे. मग दोघे संगणकाशी बसलो. मला जड यांचा १९०८चा प्रयोग आठवत होता. त्यांनी मुलांना पाण्याखालच्या लक्ष्यावर बाण फेकायला लावले. एका गटाला प्रकाशाच्या वक्रीभवनाचे तत्त्व आधी समजावून दिले, दुसऱ्याला नाही. बारा इंच खोलीवर दोन्ही गट सारखेच ठरले. लक्ष्य चार इंचांवर आणताच तत्त्व जाणणारी मुले लवकर सावरली, बाकीची जुन्याच अंदाजाने फेकत राहिली.

म्हणून मी तिला कळांच्या जागा पाठ करायला सांगितल्याच नाहीत. "शब्द बघू नकोस, मोठ्याने बोल आणि बोलशील तसा टंकित कर," एवढेच सांगितले. आणि चाचणी होईपर्यंत जुन्या यंत्राला हात लावायचा नाही. पहिला आठवडा वाईट गेला. मिनिटाला दहा शब्दही होईनात. पण बोटांकडे न पाहण्याची सवय, मजकुरात डोळे दोन शब्द पुढे ठेवणे, मनगटांची ठेवण, हे सारे जुन्या संस्थेतून आलेले तिच्याजवळ होतेच. क्रम एकदा उलगडला तसे ते मदतीला धावले. दोन महिन्यांत तिने त्या मैत्रिणीला मागे टाकले.

ती पहिली जागा गेली ती गेलीच. दुसऱ्या खात्याची चाचणी पुढच्या वर्षी आली, ती तिने दिली आणि निवड झाली. मधल्या वर्षात धाकट्या भावाचे शिक्षण थांबले होते, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. म्हणाली, "सर, आता गंमतच झालीय. हाताने लिहितानासुद्धा मी आधी अक्षर काढते आणि मग मागे येऊन पहिली वेलांटी देते. साहेब म्हणतात, असं कुठं शिकलात?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या कॉलेजात," ती म्हणाली आणि फराळाची बशी पुढे ओढली.